नाकातून गेलेला ऑक्सिजन पेशीत करतो काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि घरची केळी आहे. त्यामुळे श्वसनावरचे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. वर्गात पोरं विचारतात, ‘सर, क्रेब चक्रात ऑक्सिजन दाखवलाच नाही, मग त्याला ऑक्सिश्वसन का म्हणायचं?’ बांधावर काका विचारतात, ‘मास्तर, पाण्यात उभी असून कपाशी सुकते कशी रे भो?’ बरीच वर्षं दोघांना वेगवेगळी उत्तरं देत होतो. नंतर लक्षात आलं की दोघांचा प्रश्न एकच आहे. म्हणून सगळे प्रश्न एकत्र लिहून काढले.

पेशीत ऑक्सिजन नेमका कुठे लागतो?

एकाच ठिकाणी, अगदी शेवटी.

ग्लुकोजचा प्रवास थोडक्यात असा. पेशीद्रवात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, ते म्हणजे पायरुविक आम्ल. हे ग्लायकोलायसिस. मग ते तुकडे तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात शिरतात, तिथे प्रत्येकातून एक कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ॲसिटिल को-एन्झाइम ए उरतं. ते क्रेब चक्रात फिरतं आणि उरलेले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. इथपर्यंत ऑक्सिजनच्या एकाही रेणूला कोणी हात लावलेला नसतो. या सगळ्या वाटेवर ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन काढून घेतलेले असतात. ते तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावरच्या इलेक्ट्रॉन वहन साखळीत जातात, हातोहात पुढे सरकतात, आणि साखळीच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन घेतो आणि पाणी होतो.

एवढंच त्याचं काम. पण या एका कामावाचून मागचं सगळं अडतं. कसं, ते पुढच्या प्रश्नात.

क्रेब चक्रात ऑक्सिजन लागत नाही, तर ऑक्सिजन संपल्यावर ते थांबतं का?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला श्वसन निम्मं समजलं, असं मी वर्गात म्हणतो.

आमच्याकडे केळी पिकवणीच्या चेंबरमधून पिकलेला माल प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून बाजारात जातो. क्रेट मोजके असतात. गाडी सकाळी जाते, विक्रेता माल उतरवून घेतो, रिकामे क्रेट संध्याकाळी परत येतात. एखाद्या दिवशी बाजार बंद असला आणि माल उतरलाच नाही, तर चेंबरात काय होतं? केळी तयार आहे, माणसं तयार आहेत, गाडीत डिझेल आहे, पण भरायचं कशात? काम ठप्प. बिघाड चेंबरात नाही, तो 40 किलोमीटरवरच्या बाजारात आहे.

पेशीतला क्रेट म्हणजे एनएडी. तो इलेक्ट्रॉन भरून घेतो तेव्हा त्याला एनएडीएच म्हणतात. पेशीत एनएडीचा साठा अगदी थोडा असतो, म्हणून तोच पुन:पुन्हा रिकामा होऊन यावा लागतो. दुसरा एक लहान क्रेट आहे, एफएडी. भरलेले क्रेट इलेक्ट्रॉन वहन साखळीपाशी रिकामे होतात, आणि साखळीतून माल शेवटी उचलतो ऑक्सिजन. ऑक्सिजन नसला की साखळी तुंबते. साखळी तुंबली की एनएडीएच रिकामं होत नाही. एनएडी नाही म्हटल्यावर क्रेब चक्रातल्या ज्या तीन पायऱ्यांना ते हवं असतं त्या अडतात. पायरुविक आम्लाचं ॲसिटिल को-एन्झाइम ए व्हायलाही एनएडी लागतं, म्हणजे चक्राचं दारही बंद.

परीक्षेत ‘क्रेब चक्र ऑक्सिजनवर अप्रत्यक्षपणे अवलंबून असते’ असं एक वाक्य लिहून पोरं दोन गुण घेतात. त्या ‘अप्रत्यक्षपणे’च्या पोटात काय आहे, ते हे.

जाता जाता: हान्स क्रेब्स यांनी हे चक्र 1937 मध्ये मांडलं आणि 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या पारितोषिकाचे दुसरे मानकरी फ्रिट्झ लिपमन. ज्या को-एन्झाइम एच्या खांद्यावर बसून तुकडा चक्रात शिरतो, ते त्यांनी शोधलं होतं.

मग ग्लायकोलायसिसला तरी ऑक्सिजनची पर्वा नाही ना?

आहे आणि नाही. ग्लायकोलायसिसमध्येही एका पायरीला एनएडी लागतं. म्हणजे क्रेट परत आले नाहीत तर तेही काही क्षणांत थांबायला हवं. ते थांबत नाही, कारण पेशीकडे एक तोडगा आहे: माल बाजारात उतरत नसेल तर रस्त्यातच उतरवून द्यायचा आणि क्रेट रिकामे करून घ्यायचे.

आपल्या स्नायूंत एनएडीएच आपला माल पायरुविक आम्लावरच टाकतं आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. यीस्टमध्ये पायरुविक आम्लातून आधी कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग उरलेल्यावर माल टाकला जातो आणि अल्कोहोल तयार होतं. किण्वन म्हणतात ते हेच. किण्वनाच्या या पायरीत ऊर्जा अजिबात मिळत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळतात ते ग्लायकोलायसिसमधले निव्वळ 2. किण्वन फक्त क्रेट रिकामे करून देतं, म्हणजे ते दोन एटीपी मिळत राहतात.

एका ग्लुकोजपासून एटीपी किती? पुस्तकात 38, क्लासचे सर म्हणतात 32.

बोर्डाच्या परीक्षेत पुस्तकातलं लिहा. आता खरं सांगतो.

ग्लायकोलायसिसचे 2 आणि क्रेब चक्राचे 2, हे 4 थेट हातात पडतात. शिवाय 10 एनएडीएच आणि 2 एफएडीएच-टू (भरलेला एफएडी) मिळतात. जुना हिशोब एका एनएडीएचमागे 3 आणि एफएडीएच-टूमागे 2 एटीपी असा धरायचा: 30 अधिक 4 अधिक 4, झाले 38. पुढे मोजमाप सुधारलं आणि आकडे 2.5 व 1.5 वर आले: 25 अधिक 3 अधिक 4, म्हणजे 32. त्यातही ग्लायकोलायसिसमधले दोन एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात, त्यांना तंतुकणिकेत थेट प्रवेश नाही, माल आत पोचवायला हमाली पडते. ती कोणत्या वाटेने पोचवली यावर 30 की 32 ते ठरतं.

आकडे असे अर्ध्यात का येतात? कारण साखळी थेट एटीपी बनवतच नाही. इलेक्ट्रॉन सरकताना ती हायड्रोजनचे आयन पडद्याच्या एका बाजूला उपसून ठेवते. धरणात पाणी वर अडवावं आणि खाली सोडताना त्यावर टर्बाइन फिरवावं, तसं हे आयन एटीपी सिंथेज नावाच्या फिरत्या यंत्रातून परत येतात आणि ते यंत्र एटीपी घडवतं. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये हे मांडलं तेव्हा बहुतेकांना पटलं नव्हतं. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाण्याचा हिशोब अपूर्णांकात येऊ शकतो, तसाच हाही.

लक्षात ठेवायचं ते इतकंच की ऑक्सिजन असताना तिशीच्या आसपास, नसताना 2.

आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपासूनच बनतो ना?

नाही. अर्धे शिक्षकही इथे चुकतात, मीही पहिली दोन वर्षं चुकीचं सांगितलं होतं. नाकातून घेतलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो अन्नातून आणि पेशीतल्या पाण्यातून. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही, फक्त दोघांचं येणं-जाणं एका नाकातून आहे.

ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर का मरतं? आणि त्याचा श्वसनाशी काय संबंध?

याहून थेट उदाहरण खानदेशात दुसरं नाही, म्हणून जरा सविस्तर.

एका वर्षी जुलैत पावसाने खंड दिला. ज्वारी गुडघ्याच्याही खाली, पानं पिळवटलेली. चुलत्यांची गाय दाव्यातून सुटली आणि त्या वावरात शिरली. आम्ही पोचलो तेव्हा ती तोंडाला फेस आणून धापा टाकत होती, थोड्या वेळात बसली, मग आडवी झाली. चुलते म्हणाले, किराळ लागली. पशुवैद्य आले, त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली आणि रक्त आलं ते लालभडक. शिरेतलं रक्त काळपट हवं. मी तेव्हा बारावीत होतो. मला वाटलं रक्त लाल म्हणजे ऑक्सिजन भरपूर, मग गाय गुदमरते कशी?

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, चुरगळलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते झपाट्याने सुटतं. पाण्याच्या ताणातलं पीक आणि कापणीनंतरचे फुटवे, यांत धुरिन जास्त. सायनाइड साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर जाऊन बसतं, जिथे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळतात नेमकं तिथेच. बाजारात गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे, गाडी माल घेऊन उभी आहे, पण मधलं शटर बंद. रक्तात ऑक्सिजन आहे, पेशीला तो वापरता येत नाही, म्हणून तो तसाच शिरेतून परत फिरतो आणि रक्त लाल राहतं.

पशुवैद्यांनी सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं. पहिल्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप तयार होतं की ते सायनाइडला पेशीतून ओढून घेतं. दुसरं त्याचं कमी विषारी संयुग करतं, मग ते लघवीवाटे जातं. गाय अर्ध्या-पाऊण तासात उभी राहिली. ही औषधं स्वतः देऊ नका, मात्रा चुकली तर तीही मारतात. उशीर न करता पशुवैद्याला बोलावणं हेच काम. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष बरंच उडून गेलेलं असतं, म्हणून कडबा चालतो आणि पोंगे चालत नाहीत.

कपाशी पाण्यात उभी असून सुकते कशी?

आता काकांचा प्रश्न. मुळं जमिनीत असतात पण ती जिवंत पेशींची बनली आहेत, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. जमिनीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि मुळं ती हवा घेतात. काळ्या भारी जमिनीत पाणी तुंबलं की त्या पोकळ्यांत पाणी शिरतं. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू. जो थोडा विरघळलेला असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू लवकर संपवतात.

मग मुळांत तेच घडतं. साखळी तुंबली, एनएडी परत येईना, क्रेब चक्र थांबलं, मुळं किण्वनावर आली. तिशीच्या जागी दोन एटीपी. मुळांना तेवढीच ऊर्जा हवी असेल तर पंधरापट साखर जाळावी लागेल, आणि ती आणणार कुठून? पानांकडून साखर ओढून आणायलाही ऊर्जा लागतेच. अन्नद्रव्यं आत ओढणं बंद पडतं. पेशीद्रव आम्लधर्मी होतं आणि मुळांच्या पडद्यावरच्या पाणी आत घेण्याच्या वाटा मिटतात. खाली पाणी तुडुंब, वर कडक ऊन, पानांतून बाष्प जातंय आणि मुळं पाणी उचलत नाहीत. झाड मान टाकणारच. लांब ताणानंतर एकदम मोठा पाऊस किंवा भरपूर पाणी झालं की हे जास्त दिसतं, त्याला आकस्मिक मर म्हणतात. तिथे बुरशी शोधू नका, आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

आपल्याकडे ‘वाफसा’ हा शब्द आहे. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही हवी तेवढी असणं म्हणजे वाफसा. पाठ्यपुस्तकात त्यावर एक ओळ नाही याचं मला वाईट वाटतं, कारण मुळांच्या श्वसनाचं आख्खं प्रकरण त्या एका शब्दात आहे.

‘मग नवापूरकडे भात पाण्यात उभा कसा राहतो?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्यातून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोचते. तो स्वतःची हवा घेऊनच पाण्यात उतरतो. कपाशीला ती सोय नाही.

केळीचा घड झाडावरून कापला, आता तो कुठे श्वास घेतोय?

घेतोय, आणि पिकताना सगळ्यात जोरात घेतो. केळं कच्चं असताना त्याच्या गरात पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पिवळं होईपर्यंत त्यातला बहुतेक साखर झालेला असतो. इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूचा इशारा मिळाला की श्वसन एकदम उसळी घेतं, फळ गरम होतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणून रायपनिंग चेंबर बंद खोली असली तरी मधून मधून दार उघडून किंवा पंख्याने हवा बदलावी लागते. कार्बन डायऑक्साइड साचला की इथिलीनचं काम मंदावतं आणि रंग एकसारखा येत नाही.

एका दिवाळीत मीच चूक केली होती. पाहुण्यांना द्यायच्या पिकत्या फण्या ताज्या राहाव्यात म्हणून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गाठ सोडली तर दारूसारखा वास. केळ्यांनी आतला ऑक्सिजन संपवला होता आणि ती किण्वनावर आली होती. आई म्हणाली, ‘जीवशास्त्र शिकवतो म्हणे.’

पिशवीत थोडी भोकं ठेवली असती तर वेगळं झालं असतं. ऑक्सिजन कमी केला पण संपवला नाही, तर श्वसन मंदावतं आणि फळ जास्त टिकतं. परदेशी जाणाऱ्या मालाच्या कंटेनरमध्ये 13-14 अंश तापमान आणि मोजून ठेवलेली हवा असते ती याचसाठी.

अस्तंब्याच्या यात्रेत चढताना पाय भरून येतात. ते लॅक्टिक आम्लामुळे ना? आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं?

चढतानाची जळजळ आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवाळीत सातपुड्यात अस्तंबा चढताना उभ्या टप्प्यावर मांडीच्या स्नायूंना ऊर्जा इतक्या वेगाने लागते की साखळीचा वेग पुरत नाही. रक्तात ऑक्सिजन असतो, पण मागणी त्याहून जास्त असते. मग ग्लायकोलायसिस सुसाट सुटतं आणि जास्तीचा माल लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रूप, होऊन बाहेर पडतो. ते काही विष नव्हे. हृदय ते जाळतं, आणि यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने ही फेरी उलगडली, 1947 च्या नोबेलमध्ये त्या दोघांचा वाटा होता. फेरी तोट्याची आहे: स्नायूला 2 एटीपी मिळतात आणि यकृताला 6 खर्चावे लागतात. पण उसने घेताना व्याज पडतंच, आणि स्नायूला गरज त्या क्षणाची असते. वर पोचून बसल्यावरही आपण बराच वेळ धापा टाकतो, त्याचं एक कारण म्हणजे ही उधारी फेडणं चालू असतं.

लॅक्टेट तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे ‘आई गं’ होतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ती चढण्यापेक्षा उतरताना जास्त होते. तेव्हा लॅक्टिक आम्ल जिरवायचं म्हणून कोणी महागडं तेल विकत असेल तर पैसे वाचवा.

चैत्रात खानदेशातून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला पायी जाणारे लोक दिवसाला कित्येक किलोमीटर चालतात, त्यांचे पाय तसे जळत नाहीत. संथ चालीला साखळी पुरी पडते. त्यांचा इंधनसाठाही वेगळा असतो, तो पुढच्या प्रश्नात.

चरबी जाळायला ऑक्सिजन लागतोच का?

लागतोच. ग्लुकोजला किण्वनाचा चोरदरवाजा आहे, चरबीला तो नाही. मेदाम्लांचे तुकडे होऊन थेट ॲसिटिल को-एन्झाइम ए तयार होतं, म्हणजे ती क्रेब चक्राच्या दारातच येऊन उतरते. चक्र बंद तर चरबी बंद. म्हणून जीव तोडून पळण्यापेक्षा बोलता येईल अशा चालीने तासभर चालताना इंधनात चरबीचा वाटा मोठा असतो. आणि घटलेलं वजन बाहेर जातं ते बहुतांश उच्छ्वासातून, कार्बन डायऑक्साइड होऊन.

लाल रक्तपेशी तर ऑक्सिजनच वाहतात, मग त्या तो किती वापरतात?

शून्य. त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात. दुधाची गाडी चालवणाऱ्याने कोरा चहा पीत बसावं तसा प्रकार. त्या पूर्ण आयुष्य, सुमारे 120 दिवस, ग्लायकोलायसिस आणि लॅक्टिक आम्लावर काढतात. याच ग्लायकोलायसिसच्या फाट्यावर एक उपपदार्थ तयार होतो, 2,3-बीपीजी. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. म्हणजे ज्या वाटेला ऑक्सिजन लागत नाही तीच वाट दुसऱ्या पेशींना ऑक्सिजन मिळतो की नाही ते ठरवायला हातभार लावते. मला या सगळ्या विषयातली ही जागा सर्वांत आवडते.

नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. दमछाक, थंडी, कमी पाणी पिणं, या सगळ्याने त्रास वाढतो तो त्यामुळे. रक्ततपासणी साधी आहे, लग्नाआधी करून घ्या.

बिबडे, मुरघास आणि मोहाची दारू यांत काही साम्य आहे का?

तिन्ही ठिकाणी आपण सूक्ष्मजीवांना हवा तोडतो आणि त्यांनी रस्त्यात उतरवलेला माल उचलतो.

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्यांच्यासाठी ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजते. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बुडबुडे, तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. खाली बुडालेल्या दाण्यांत ऑक्सिजन नाही, तिथे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू रमतात. त्या आंबटपणाशिवाय घाट्याला, म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेल्या पिठाला, चव नाही. बिबड्यांच्या दिवशी गरम घाटा कच्चं तेल घालून खाल्ला नसेल त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

मुरघासात मक्याची कुट्टी थराथराने टाकून ट्रॅक्टरने दाबतात. दाबायचं ते हवा काढण्यासाठी. हवा राहिली तर कुट्टी स्वतःच श्वसन करत राहते, सोबत बुरशी येते, साखर कार्बन डायऑक्साइड होऊन उडते, ढीग गरम होतो. हवा गेली की लॅक्टिक आम्लवाले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, सामू 4 च्या आसपास येतो आणि चारा मुरतो. चाऱ्यातली बहुतेक ऊर्जा त्या आम्लात तशीच शिल्लक असते, कारण ती फक्त रस्त्यात उतरवलेली आहे. गाय ते आम्ल खाते आणि तिच्या तंतुकणिका उरलेला सौदा ऑक्सिजनसह पुरा करतात. मोहाच्या फुलांत साखर भरपूर, तिथे काम यीस्टचं. दारू पेटते, यावरून तिच्यात किती ऊर्जा शिल्लक होती ते कळतंच.

हवा असताना यीस्ट कमी साखर खातं म्हणतात. कमी का?

लुई पाश्चर यांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पाहिलं. कारण हिशोबाचं आहे: एका ग्लुकोजमागे तिशीभर एटीपी मिळत असताना जास्त ग्लुकोज फोडायचा कशाला? पेशीला ते कळतं तेही ठरलेल्या मार्गाने. ग्लायकोलायसिसच्या तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं विकर आहे, तो जकात नाका समजा. एटीपी वाढला किंवा क्रेब चक्रातलं सायट्रेट साचून बाहेर आलं की हा नाका आवळतो. एटीपी संपत आला की सैल होतो. म्हणजे मागची वाट पुढच्या वाटेकडे डोळा ठेवून चालते.

काही पेशी हा नियम पाळत नाहीत. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज भसाभस घेतात आणि लॅक्टेट सोडतात. ऑटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात हे दाखवलं. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती या ग्लुकोजच्या भुकेमुळेच. वॉरबर्गना वाटलं होतं की तंतुकणिका बिघडणं हेच कर्करोगाचं मूळ. ते तसं निघालं नाही, पण निरीक्षण टिकलं.

रात्री कडुनिंबाखाली खाट टाकली तर झाड ऑक्सिजन खातं म्हणतात?

खातं, पण शेजारी झोपलेल्या माणसापेक्षा फार काही जास्त नाही, आणि उघड्यावर हवा वाहती असते. खुशाल झोपा. झाडं दिवसाही श्वसन करतात, प्रकाशसंश्लेषणाच्या गडबडीत ते दिसत नाही इतकंच.

बंद पेव किंवा जुन्या विहिरीत उतरलेला माणूस हाक न देता कोसळतो, असं का?

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं बंद कोठार. त्यातलं धान्य जिवंत असतं, तेही श्वसन करतं. आत ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो. सोंडे-किडे मरतात, म्हणून तर धान्य टिकतं. तीच हवा पेव उघडणाऱ्याच्या वाट्याला येते. जुन्या आड-विहिरीत कुजणारा पाला तेच करतो, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो.

मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के, पण विसाव्यातल्या शरीराचा ऑक्सिजन खातो 20 टक्के. स्नायूसारखं किण्वनावर भागवणं त्याला जमत नाही. ऑक्सिजनच नसलेल्या हवेत श्वास घेतला तर फुप्फुसात उलटंच घडतं, रक्तातला होता तो ऑक्सिजनही बाहेर जातो, आणि दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. हाक मारायला वेळच मिळत नाही. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूची हानी भरून येत नाही.

कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत पुरेशी नाही. ज्योत विझली तर उतरायचं नाही हे खरं, पण ज्योत राहिली म्हणजे विषारी वायू नाही असं होत नाही, आणि पेटणारा वायू असला तर भडका उडतो. आधी पंखा किंवा ब्लोअरने बराच वेळ हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि तो दोर वर दोघांच्या हातात ठेवा. खाली कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. वरूनच ओढा, आणि अग्निशमनवाल्यांना फोन करा.